ड्रम नेमका कुठे अडला आहे?

चाक उतरवले आहे, हँडब्रेक सोडलेला आहे, तरी मागचा ब्रेक ड्रम जागचा हलत नाही. अशा वेळी गॅरेजात पहिली हाक मोठ्या हातोड्याला जाते. ड्रमच्या काठावर चार घाव, फिरवून आणखी चार, मग मागून टॉमी घालून उचकटणे. कधी ड्रम निघतो, कधी काठाचा टवका उडतो, तर कधी ड्रम निघतो पण त्यामागची पत्र्याची बॅकप्लेट कायमची वाकून बसते. हे सगळे टाळता येते. ‘ड्रम अडकला’ असे आपण सरसकट म्हणतो तेव्हा त्या दोन शब्दांत तीन-चार निरनिराळे बिघाड लपलेले असतात. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे आणि एकाचा इलाज दुसऱ्यावर केला की काहीतरी मोडते. कोणता बिघाड आहे ते ड्रम न काढताही बहुतेक वेळा ओळखता येते, त्याला पाच-दहा मिनिटे पुरतात. ही पाच-दहा मिनिटे गॅरेजात दिली जात नाहीत आणि गाडीमालक ती मागत नाही, कारण आत काय असते हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून ते इथे जरा सविस्तर सांगायचे आहे.

ड्रम म्हणजे ओतीव लोखंडाचे, उथळ पातेल्यासारखे भांडे. ते चाकाबरोबर फिरते. त्याच्या आत अर्धचंद्राकृती दोन शू असतात, त्यांच्या पाठीवर घर्षणाचे अस्तर असते. गॅरेजात त्याला लायनर म्हणतात. पॅडल दाबले की व्हील सिलिंडरमधले दोन दट्टे शूंना बाहेर ढकलतात, अस्तर ड्रमच्या आतल्या भिंतीवर घासते आणि चाक मंदावते. पॅडल सोडले की स्प्रिंगा शूंना परत आत ओढतात. हे सगळे ज्या पत्र्यावर बसवलेले असते ती बॅकप्लेट. हँडब्रेकची केबल मागून येऊन एका लिव्हरमार्फत तेच शू बाहेर ढकलते. आतून उघडणाऱ्या शूंचा हा ब्रेक लुई रेनो या फ्रेंच मोटारनिर्मात्याने 1902 मध्ये आणला, आणि त्याची मूळ मांडणी आजही तीच आहे. त्याआधी चाकाच्या चकतीवर बाहेरून पट्टा आवळणारे ब्रेक असत. पाऊस, चिखल, धूळ सरळ त्यांच्यावर पडे. रेनोच्या ड्रमने घासणारे भाग भांड्याच्या आत झाकून घेतले. पण भांडे पूर्ण बंद नसते. बॅकप्लेट आणि ड्रम यांच्यात फट असते, तिच्यातून दमट हवा आत जाते, आणि आत काय चालले आहे ते बाहेरून दिसत नाही. ड्रम अडकण्याची सुरुवात इथेच होते.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. ही नुसती कंपनीची काटकसर नव्हे. ब्रेक लागला की गाडीचे वजन पुढे झुकते. जोराच्या ब्रेकमध्ये लहान हॅचबॅकच्या पुढच्या चाकांवर एकूण भाराच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास भार येतो. मागच्या चाकांच्या वाट्याला काम थोडे उरते आणि ते ड्रम व्यवस्थित करतो. शिवाय हँडब्रेक त्याच शूंवर सोपेपणाने बसवता येतो. पण काम थोडे असल्याचा एक परिणाम असा की मागचे लायनर सावकाश झिजतात. पुढचे पॅड एकदोनदा बदलून होतात तरी मागचा ड्रम उघडलेलाच नसतो. वर्षानुवर्षे न उघडलेला ड्रम एक दिवस उघडायला जावे आणि तो अडून बसावा, यात नवल ते काय?

आता तो अडतो कुठे ते पाहू. पहिली जागा म्हणजे मधोमध, हबवर, म्हणजे चाक आणि ड्रम ज्यावर बसतात त्या मधल्या भागावर. बऱ्याच गाड्यांत ड्रम हबच्या गोल उंचवट्यावर घट्ट बसेल असा सरकवलेला असतो, म्हणजे तो बरोबर मध्यावर राहतो. तिथली फट जेमतेम कागदाच्या जाडीची, कित्येकदा त्याहूनही कमी. लोखंड गंजले की त्याचा गंज मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. फटीत जागा नसते, त्यामुळे गंज तिथेच दाटून बसतो आणि ड्रमला हबशी पाचरीसारखा जखडतो. ड्रमचा सपाट चेहरा हबच्या सपाट चेहऱ्याला जिथे टेकतो तिथेही हेच होते. चाक काढल्यावर जवळून पाहावे: स्टडच्या, म्हणजे चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या बोल्टांच्या, मधल्या भागात, हबच्या कडेभोवती तपकिरी-लाल गंजाचे बारीक कडे दिसते, नखाने खरवडले की भुकटी पडते. कोकणात किंवा मुंबईच्या किनाऱ्यालगत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे कडे जाड असते, कारण हवेतला खारेपणा गंजाला वेग देतो.

दुसरी जागा आत आहे आणि ती दिसत नाही. लायनरची रुंदी ड्रमच्या भिंतीएवढी नसते. ड्रमच्या तोंडाशी, म्हणजे बॅकप्लेटच्या बाजूला, भिंतीचा एक पट्टा लायनरच्या आवाक्याबाहेर राहतो. जिथे लायनर घासतो तिथे ड्रम झिजत जातो. तो पट्टा झिजत नाही, उलट गंजाने थोडा फुगतो. समजा ड्रमचा मूळ आतला व्यास 180 मि.मी. आहे आणि झिजून 181 झाला. तोंडाशी मात्र तो 180 च राहिला. याचा अर्थ भिंतीला सर्व बाजूंनी अर्ध्या मिलिमीटरची कड तयार झाली. आता बहुतेक ड्रम ब्रेकमध्ये आपोआप समायोजन करणारा ॲडजस्टर असतो. लायनर आणि ड्रम झिजून अंतर वाढले की तो एकेक दाता पुढे सरकतो आणि शूंना तेवढे बाहेर आणून ठेवतो, म्हणजे पॅडल खोल जात नाही. सोय उत्तमच आहे, पण तिच्यामुळे शू ड्रमच्या झिजलेल्या खोबणीत जाऊन बसतात. ड्रम बाहेर ओढला की तोंडाची कड शूंच्या बाजूला अडते. ड्रम हबपासून पूर्ण मोकळा असला तरी अशा वेळी निघणार नाही.

तिसरी जागा लायनर आणि ड्रम यांच्यातली. पावसात भिजलेली किंवा नुकतीच धुतलेली गाडी हँडब्रेक ओढून चार-आठ दिवस उभी राहिली, की ड्रमच्या भिंतीवर धरलेला गंज आणि लायनर एकमेकांना चिकटतात. गावी सुट्टीला जाताना सोसायटीच्या आवारात घट्ट हँडब्रेक लावून ठेवलेली गाडी परत आल्यावर हलत नाही, ती यामुळे. याच गटात आणखी दोन बिघाड येतात. हँडब्रेकच्या केबलचे वेष्टन फाटून आत पाणी गेले की तार वेष्टनातच गंजून अडते. गाडीच्या आत लिव्हर खाली आलेला असतो, पण चाकाजवळचा लिव्हर ओढलेलाच राहतो. दुसरे म्हणजे ब्रेकचा रबरी होज आतून सुजून बंद झाला, तर पॅडल सोडले तरी तेलाचा दाब सिलिंडरमध्ये कोंडून राहतो आणि शू दाबलेलेच राहतात.

या तीन जागा लक्षात आल्या की निदान सोपे होते, आणि त्याचे साधन हात आहे. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत, गाडी सपाट जमिनीवर असावी, मागची बाजू जॅकने उचलून घोडीवर, म्हणजे पक्क्या स्टँडवर टेकवावी. हँडब्रेक सोडायचा आहे, म्हणून ठोकळ्यांना पर्याय नाही. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर ड्रमला झटके द्यायचे नाहीत. मग ड्रम हाताने फिरवून पाहावा. फिरतच नसेल, तर अडचण लायनर, केबल किंवा दाब यांत आहे आणि हबवर तेल ओतून काही उपयोग नाही. मोकळा फिरतो पण बाहेर केसभरही सरकत नाही, तर तो हबवर गंजला आहे. मोकळा फिरतो, बाहेर चार-सहा मिलिमीटर येतो आणि मग खटकन थांबतो, एक बाजू ओढली तर दुसरी आत जाते, तर शू कडेत अडकले आहेत. एवढ्या तीन प्रश्नांनी बहुतेक गाड्यांचे उत्तर मिळते. क्वचित दोन बिघाड एकत्र असतात. हब सुटल्यावर कड अडवते. तेव्हा तीच तपासणी पुन्हा करायची.

ही तपासणी सुरू करण्याआधी एक गोष्ट मात्र माहीत हवी: ड्रम कोणत्या जातीचा आहे. मारुती 800 सारख्या कित्येक छोट्या गाड्यांत मागच्या चाकाचे बेअरिंग ड्रमच्या आतच बसवलेले असते आणि ड्रम मधल्या मोठ्या नटने स्पिंडलवर धरलेला असतो. डस्ट कॅप काढून, नटची कॉटर पिन किंवा ठोकून बसवलेली कड सोडवून तो नट काढल्याशिवाय असा ड्रम निघूच शकत नाही. दुसऱ्या जातीत बेअरिंग हबमध्ये असते आणि ड्रम वरून नुसता सरकवलेला असतो. त्यावर कधी एक-दोन बारीक स्क्रू असतात. हे चपट्या डोक्याचे स्क्रू गंजाने इतके घट्ट होतात की साध्या पेचकसने त्यांचे खाचे झिजून जातात. तिथे ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो. जो भाग अजून नटने किंवा स्क्रूने धरलेला आहे तो हातोड्याने काढू पाहण्याचे प्रकार घडतात, आणि तिथे दोष गंजाचा नसतो.

हबवर गंजलेल्या ड्रमचा इलाज आधी घेऊ. हबच्या कडेभोवती आणि स्टडच्या भोकांशी गंज सोडवणारे पातळ तेल थोडेसे लावावे. थोडेसेच, कारण ते आत झिरपून लायनरला लागले तर लायनर वाया गेले. मग वेळ द्यायचा. तेलाला बारीक फटीत शिरायला मिनिटे लागतात, तासही लागतात, आणि ही एकच पायरी गॅरेजच्या घाईत सर्वांत आधी कापली जाते. मधूनमधून ड्रमच्या चेहऱ्यावर, स्टडच्या मधल्या जागी, मध्यम हातोड्याने ठोके द्यावेत आणि दर ठोक्याला ड्रम थोडा फिरवावा. इथला ठोका गंजाची पकड थरथरवून मोडतो आणि तेलाला वाट करून देतो. ड्रमला बाहेर ढकलणे हे त्याचे काम नव्हे. तेवढ्याने सुटला नाही तर ड्रमच्या चेहऱ्यावर नीट पाहावे. कित्येक जपानी धाटणीच्या गाड्यांच्या ड्रमवर आटे पाडलेली दोन छोटी भोके असतात, बहुधा 8 मि.मी. बोल्टची, 1.25 मि.मी. आट्यांची. ती नेमकी याच कामासाठी ठेवलेली असतात आणि वर्षानुवर्षे गंजाखाली झाकलेली राहतात. त्यांत दोन बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळले की त्यांची टोके हबवर टेकतात आणि ड्रम सरळ, दोन्ही बाजूंनी सारखा बाहेर येतो.

या बोल्टांची ताकद किती? हिशेब करून पाहण्यासारखा आहे. 8 मि.मी.चा बोल्ट 20 न्यूटन-मीटर इतका आवळला, म्हणजे छोट्या पान्ह्याने मनगटाच्या जोरावर सहज जमेल इतका, तर तो साधारण सव्वा टनाचा रेटा देतो. दोन मिळून अडीच टन. हा रेटा सलग, सरळ आणि गंजलेल्या जागेच्या अगदी जवळ लागतो. हातोड्याचा घाव क्षणाचा असतो, तो काठावर पडला तर ड्रमला एका बाजूला तिरपा करतो, आणि तिरपा झालेला ड्रम हबवर आणखी घट्ट बसतो. चार घाव घालून जे होत नाही ते पान्ह्याच्या तीन-चार फेऱ्यांत होते, ते यामुळे. पण हीच ताकद चुकीच्या जागी वापरली तर? शू कडेत अडकलेले असताना बोल्ट आवळत गेले, तर शू धरून ठेवणाऱ्या पिना ताणल्या जातील, बॅकप्लेट ओढली जाईल किंवा ड्रमला तडा जाईल. बोल्ट चांगले की हातोडा चांगला, हा वाद त्यामुळे दुय्यम आहे. ड्रम कुठे अडला आहे ते ठरल्यावरच बोल्टाला हात लावावा. ज्या ड्रमला अशी भोके नाहीत त्याला तीन पायांचा पुलर लावता येतो, पण त्याची नखे ड्रमच्या काठावर बसतात म्हणून तिथे जोर सावकाश वाढवावा लागतो. बेअरिंग आत असलेला ड्रम नट काढल्यावरही अडला तर त्याला स्लाइड हॅमर, म्हणजे दांड्यावर सरकणाऱ्या वजनाचा ओढक, लावतात.

कडेत अडकलेल्या शूंना ताकदीची गरजच नाही. त्यांना आत घ्यायचे आहे, म्हणजे ॲडजस्टर मागे फिरवायचा आहे. बॅकप्लेटवर, क्वचित ड्रमच्या चेहऱ्यावर, रबरी बूच लावलेले एक लांबट भोक असते. बूच काढून टॉर्चने पाहिले की दातेरी चक्र दिसते. त्या चक्राच्या दात्यात एक पातळ पट्टी अडकलेली असते. ती चक्राला एकाच बाजूने, घट्ट होण्याच्या बाजूनेच फिरू देते. म्हणून नुसता पेचकस घालून चक्र फिरवले तर जिकडे ते कटकट करत सहज फिरते ती नेमकी चुकीची बाजू. एका बारीक पेचकसने पट्टी दात्यापासून दूर धरायची आणि दुसऱ्याने चक्र उलट फिरवायचे. अवघडलेल्या जागी दोन्ही हात लागतात, चिडचिड होते, पण दहा-पंधरा दाते मागे आले की ड्रम हाताने निघतो. काही गाड्यांत चक्राऐवजी खाच्यांची पट्टी असते, काहींत हँडब्रेकच्या लिव्हरचा अटकाव भोकातून ढकलून शू आत घेता येतात; गाडीच्या दुरुस्तीपुस्तकात ते दिलेले असते. आणि ॲडजस्टरच गंजून बसला असेल तर शेवटचा उपायही शूंच्याच बाजूचा आहे. बॅकप्लेटच्या मागे शू धरून ठेवणाऱ्या पिनांची चपटी डोकी दिसतात. ती छिन्नीने किंवा कटरने उडवली की शू मोकळे डुलतात आणि ड्रम त्यांना सोबत घेऊन बाहेर येतो. यात पिना आणि त्यांच्या स्प्रिंगा जातात, ड्रम आणि बॅकप्लेट वाचतात.

जो ड्रम फिरतच नाही त्याच्यासाठी आधी हँडब्रेकची केबल लिव्हरजवळ किंवा गाडीखाली तिच्या समायोजन-नटवर पूर्ण ढिली करावी. तेवढ्याने चाक मोकळे झाले तर दोष केबलचा, ती बदलावी. नाही झाले तर व्हील सिलिंडरचा ब्लीड निपल, म्हणजे तेल बाहेर सोडायची तोटी, उघडून पाहावा. तेलाची चिळकांडी येऊन ड्रम सुटला तर होज आतून बंद आहे. दोन्ही नसेल तर लायनर भिंतीला चिकटले आहेत, आणि ड्रमच्या परिघावर ठोकण्याला अर्थ आहे तो फक्त इथे. तेही लाकडी किंवा नायलॉनच्या हातोड्याने, गोल फिरत, हलक्या हाताने. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून झटका देऊन सोडवण्याची सवय मात्र सोडावी. लायनर शूला चिकटवलेले असतात; झटक्यात ते भिंतीऐवजी शूपासून सुटले तर सुटा तुकडा ड्रममध्ये पाचर होऊन चाक अडवू शकतो. चाकाचे नट ढिले ठेवून गाडी पुढेमागे करण्याची युक्तीही सांगितली जाते. ती तर करूच नये. स्टड, रिम आणि आजूबाजूची माणसे या सगळ्यांना तिच्यात धोका आहे.

यावर अनुभवी मेस्त्री म्हणेल की हे सगळे पुस्तकी आहे; हजार ड्रम हातोड्यानेच काढले, गाड्या चालताहेत. या म्हणण्यात तथ्य आहे. चेहऱ्यावर, योग्य जागी, योग्य वजनाचा ठोका हा इलाजाचाच भाग आहे, आणि जाणता हात तो अंदाजाने देतो. पण जे नुकसान होते ते त्याच दिवशी दिसत नाही, त्यामुळे ते हातोड्याच्या खात्यावर पडत नाही. ड्रम ज्या ग्रे कास्ट आयर्नचा असतो त्यात ग्राफाइटचे पातळ पापुद्रे विखुरलेले असतात. उष्णता वाहून नेण्यासाठी, कंपने जिरवण्यासाठी ते उपयोगी पडतात, म्हणूनच ड्रम या लोखंडाचा करतात. पण ताण आला की हेच पापुद्रे तयार भेगांसारखे वागतात. हे लोखंड दाब चांगला सोसते. ताण सोसण्याची त्याची शक्ती दाब सोसण्याच्या शक्तीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकीच. काठावरचा घाव काठाला वाकवतो, म्हणजे एका बाजूने ताणतो, आणि केसाएवढी भेग तिथे सुरू होते. पुढे प्रत्येक जोराच्या ब्रेकमध्ये ड्रम तापतो, निवतो, शू त्याला आतून ढकलतात, आणि भेग वाढते. काढलेला ड्रम एका बोटावर टांगून हलका टोला दिला तर चांगला ड्रम खणखणतो, तडा गेलेला बद्द आवाज करतो. ही जुनी परीक्षा आजही करावी. बेअरिंग आत असलेल्या ड्रमवर घाव पडला तर धक्का गोळ्यांमधून बेअरिंगच्या धावपट्टीला जातो आणि तिथे सूक्ष्म खड्डे पडतात. काही आठवड्यांनी चाक घुमू लागते तेव्हा त्या आवाजाचा संबंध ब्रेकच्या कामाशी कोणी जोडत नाही.

दुसरा आक्षेप असा की गॅसची ज्योत लावली की ड्रम फुगून सुटतो, मग एवढा व्याप कशाला? तत्त्व बरोबर आहे, जागा चुकीची आहे. हबच्या अगदी पलीकडे बेअरिंगचे ग्रीस आणि सील असतात, एबीएस असलेल्या गाडीत चाकाचा सेन्सर असतो, आणि ड्रमच्या आत व्हील सिलिंडरची रबरे असतात. ज्योत या सर्वांना पोचते. त्याहून गंभीर बाब म्हणजे गॅरेजात वापरले जाणारे काही ब्रेक क्लीनर क्लोरीनयुक्त असतात. त्यांचा फवारा मारलेल्या भागावर ज्योत लावली तर फॉसजीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात हाच वायू शस्त्र म्हणून वापरला गेला. क्लीनर आणि ज्योत एका कामात कधीच येऊ नयेत.

ड्रमच्या आतल्या धुळीचेही असेच. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात गेले की दशकांनी कर्करोग होऊ शकतो. अमेरिकेने क्रायसोटाइल या ॲस्बेस्टॉसवर, ब्रेकच्या सुट्या भागांसकट, बंदी घालण्याचा नियम 2024 मध्ये काढला. भारतात त्याच्या वापरावर सरसकट बंदी नाही. म्हणजे बाजारातून आणलेल्या बिनमार्क्याच्या लायनरमध्ये काय आहे हे धूळ पाहून कळत नाही. ड्रम निघाल्याबरोबर कॉम्प्रेसरच्या हवेने आत फुंकण्याची पद्धत आपल्या गॅरेजांत सर्रास आहे आणि ती बंद व्हायला हवी. धूळ ओली करून पुसून घ्यावी, तोंडावर चांगला मास्क असावा. ग्राहकाला ही धूळ वर्षातून एकदा भेटते. तिथे काम करणाऱ्या पोराला ती रोज भेटते, म्हणून हा आग्रह ग्राहकाने धरला तरी चालेल.

राहिला तिसरा आक्षेप: ड्रम स्वस्त आहे, फोडा आणि नवा घाला, शिवाय आता सगळ्या गाड्यांना डिस्क येणार आहेत. ड्रम खरोखर फार महाग नसतो. पण तो फुटताना बॅकप्लेट वाकली तर नवा ड्रमही तिला घासत फिरतो, आणि बॅकप्लेट बदलायला बहुधा हब उतरवावा लागतो. भविष्याचा अंदाज तर उलटाच ठरतो आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीचा वेग बराचसा मोटरच कमी करते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत जाते; घर्षणाचे ब्रेक क्वचित लागतात. न वापरलेली डिस्क उघड्यावर गंजते, ड्रमचे झाकलेले भाग कमी गंजतात. म्हणून फोक्सवॅगनने आयडी.3 आणि आयडी.4 या विद्युत गाड्यांना मागे ड्रमच दिले, आपल्या टाटा टियागो ईव्हीलाही मागे ड्रमच आहेत. कमी वापर म्हणजे लायनर फार काळ टिकणार, म्हणजे ड्रम उघडण्याचे निमित्त आणखी लांबणार, आणि हबवरच्या गंजाला तेवढी वर्षे मोकळी मिळणार. ड्रम अडकण्याचा प्रश्न पुढच्या काळात वाढण्याचीच चिन्हे आहेत.

त्यामुळे माझ्या मते खरा उपाय पंचांगात आहे. पावसाळा संपला, दसऱ्याला गाडी धुऊन तिला हार घालायचा, त्याच सुमारास मागचे दोन्ही ड्रम एकदा उघडून घ्यावेत, लायनर शिल्लक असोत वा नसोत. वर्षभराचा गंज सहज सुटतो. पाच वर्षांचा सुटत नाही. उघडल्यावर हबचा उंचवटा आणि ड्रमचे मधले भोक तारेच्या ब्रशने चकचकीत करून तिथे उष्णता सोसणाऱ्या अँटी-सीझ लेपाचा बोट फिरवल्याएवढा पातळ थर द्यावा. तो स्टडच्या आट्यांवर आणि घासणाऱ्या भिंतीवर जाऊ देऊ नये. ड्रमचा आतला व्यास मोजावा. ड्रमवरच कमाल व्यास ओतीव अक्षरांत दिलेला असतो, मूळ मापापेक्षा साधारण 1 ते 2 मि.मी. जास्त, त्यापलीकडे गेलेला ड्रम लेथवर घासून वापरायचा नाही, बदलायचा. मर्यादेत असेल तर तोंडाची कड मात्र लेथवर काढून घ्यावी, म्हणजे पुढच्या खेपेला शू अडणार नाहीत. व्हील सिलिंडरचे रबरी टोपण हलके उचलून खाली ओल आहे का पाहावे. शू जिथे बॅकप्लेटवर टेकतात त्या उंचवट्यांना आणि ॲडजस्टरच्या आट्यांना उष्णतेचे ग्रीस किंचित लावावे. एका वेळी एकच बाजू खोलावी, म्हणजे स्प्रिंग कुठली कुठे हे विसरले तर दुसरी बाजू जशीच्या तशी समोर असते. आणि पावसाळ्यात सपाट जागी बरेच दिवस गाडी ठेवायची असेल तर हँडब्रेकऐवजी पहिला गिअर आणि चाकांना ठोकळे पुरतात.

सगळे परत बसवल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पॅडल घट्ट लागेपर्यंत पुन्हापुन्हा दाबावे, कारण मागे घेतलेले शू पहिल्या काही दाबांत ड्रमपर्यंत पोचतच नाहीत आणि पहिला ब्रेक रिकामा जातो. मग रिकाम्या रस्त्यावर सावकाश चार-पाच किलोमीटर, मधूनमधून ब्रेक लावत. थांबल्यावर दोन्ही मागच्या चाकांजवळ हात नेऊन पाहावा, ड्रमला स्पर्श न करता. दोन्हीकडे सारखी ऊब हवी. एकीकडे जास्त धग लागत असेल तर त्या बाजूचे शू घासत आहेत. त्याच बुचाच्या भोकातून ॲडजस्टर एक-दोन दाते मागे घ्यावा आणि चाक उचलून ते हाताने मोकळे फिरते ना, हे पुन्हा पाहावे.